कॉलेजचं पहिलं वर्ष आणि अंकासाठी फोटोग्राफी: खर्च किती, कागद कोणते, फसगत कुठे

पुण्यात प्रवेश झाला, खोलीचा शोध सुरू आहे आणि कॉलेजच्या अंकासाठी फोटो काढायची हौस आहे. अशा मुलामुलींचा आणि त्यांच्या पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: कॅमेरा केवढ्याला पडेल? पहिल्या सत्रापुरतं उत्तर सोपं आहे, एक रुपयाही नाही. कॅमेरा घेऊ नका. दिवाळीपर्यंत तुमचे पैसे डिपॉझिट, मेस, पास आणि दाखले यांतच जातील. अंकाच्या कामाला सुरुवातीला जेवढं लागतं तेवढं तुमच्या मोबाइलमध्ये आहे. तोवर काय करायचं, पैसे कुठे वाचतात आणि कुठे गुपचूप कापले जातात, ते पुढे वाचा. सरकारी शुल्काचे आकडे नियमातले आहेत. खोली, मेस आणि कॅमेऱ्याचे आकडे ढोबळ आहेत, ते पेठेगणिक आणि दुकानागणिक बदलतात.

मूळ कागद कुणाकडे ठेवू नका

फाइल एकदाच नीट लावा. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, अधिवास प्रमाणपत्र. लागू असेल तर जातीचा दाखला, जात वैधता, नॉन-क्रीमीलेअर आणि उत्पन्नाचा दाखला. दुसऱ्या बोर्डातून आला असाल तर मायग्रेशन. प्रत्येकाच्या चार-पाच झेरॉक्स, खाली तुमची स्वतःची सही. शाळा सोडल्याचा दाखला मूळच जमा करावा लागतो, म्हणून देण्याआधी त्याची रंगीत प्रत काढून ठेवा. बाकीचे मूळ कागद कॉलेजने तपासायचे आणि तिथल्या तिथे परत द्यायचे. ते अडवून ठेवायला विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८च्या अधिसूचनेत मनाई केली आहे.

त्याच अधिसूचनेत फी परतीचं कोष्टक आहे. पुढच्या फेरीत दुसरीकडे नंबर लागला तर ते कामी येतं. प्रवेशाच्या जाहीर केलेल्या शेवटच्या तारखेच्या १५ दिवस किंवा त्याहून आधी प्रवेश रद्द केला तर पूर्ण फी परत मिळते, प्रक्रियेपोटी जास्तीत जास्त ५ टक्के आणि तेही ५००० रुपयांच्या वर नाही. १५ दिवसांच्या आत आलात तर ९० टक्के. तारीख उलटून १५ दिवस होईपर्यंत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के, त्यानंतर काही नाही. म्हणून अर्ज लेखी द्या आणि त्यावर आवक क्रमांकाचा शिक्का घ्या. फोनवर ‘सांगितलं होतं’ हे कुणी ऐकत नाही.

फीच्या पावतीत अनामत रक्कम वेगळी दाखवलेली असते: ग्रंथालय अनामत, प्रयोगशाळा अनामत. ती कॉलेज सोडताना परत मिळते, पण पावती दाखवल्यावर. पावतीचा फोटो आजच काढून स्वतःला मेल करा.

दाखल्यांसाठी तहसील कार्यालयाच्या बाहेर कुणी ५०० रुपयांचा स्टॅम्प पेपर घ्यायला लावला तर घेऊ नका. सरकारी कार्यालयात सादर करायच्या प्रतिज्ञापत्रांचं मुद्रांक शुल्क राज्य सरकारने २००४ पासून माफ केलेलं आहे. सेतू केंद्रात दरफलक लावलेला असतो, त्यावर आहे तेवढेच पैसे द्या आणि पावती मागा. महाडीबीटीवरचा शिष्यवृत्तीचा अर्ज फुकट आहे आणि तो मोबाइलवरूनही भरता येतो. सायबर कॅफेवाल्याकडून भरून घेतलात तरी पासवर्ड स्वतः ठरवा आणि स्वतःकडे ठेवा. बँक खातं आधारला जोडलेलं नसेल तर मंजूर झालेले पैसेही अडकतात.

पासपोर्ट फोटो पहिल्या महिन्यात डझनभर लागतात. स्टुडिओत दरवेळी पैसे मोजण्यापेक्षा पांढऱ्या भिंतीसमोर, खिडकीच्या उजेडात मित्राकडून काढून घ्या. चार बाय सहा इंचांच्या एका प्रिंटवर साडेतीन बाय साडेचार सेंटिमीटरचे आठ फोटो बसतात. लॅबमध्ये एका प्रिंटचे १०-२० रुपये लागतात. वर्गमित्रांचेही काढून द्या. अंकासाठी माणसं उभी करायची सवय इथूनच लागते.

खोली, मेस, पास

कॉट बेसिसवर जागा घेतली तर महिना साधारण ४००० ते ९००० रुपये आणि एक-दोन महिन्यांचं डिपॉझिट. एजंट एक महिन्याचं भाडं मागतो. भाडेकरार नोंदवलेलाच हवा आणि नोंदणीची जबाबदारी कायद्याने घरमालकावर आहे. त्याचा खरा खर्च किती ते पाहा. ६००० भाडं, ११ महिने, १२,००० डिपॉझिट, असं धरलं तर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के दराने २०० रुपयांच्या आत बसतं. महापालिका हद्दीत नोंदणी फी १००० रुपये. वर दस्त हाताळणीचं किरकोळ शुल्क आणि करून देणाऱ्याची मजुरी. ‘कराराचे चार हजार’ असं कुणी म्हणालं तर हिशेब कागदावर मागा. डिपॉझिट कधी परत देणार आणि रंगाचे पैसे कापणार का, ही दोन वाक्यं करारात लिहून घ्या. खोलीत पाय ठेवण्याआधी भिंती, नळ, पंखा, कपाट यांचे फोटो काढा आणि त्याच दिवशी मालकाला पाठवा.

फोटो काढणाऱ्याने आणखी एक प्रश्न विचारायचा आहे: रात्री गेट कधी बंद होतं? एकांकिकेची तालीम, गॅदरिंग, आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा, सगळं रात्री संपतं. वसतिगृहात असाल तर रेक्टरकडे उशिराच्या परवानगीचा अर्ज कसा द्यायचा ते पहिल्याच आठवड्यात समजून घ्या. मुलींना इथे जास्त अडवलं जातं. कार्यक्रमाच्या नावानिशी संपादक प्राध्यापकांचं पत्र जोडलं की बरंच सोपं जातं.

मेस दोन वेळची साधारण ३००० ते ४५०० रुपयांत मिळते. पैसे भरण्याआधी खाड्याचा नियम विचारा. सलग किती दिवस गेलं नाही तर खाडा धरतात, आधी किती दिवस कळवायचं, रविवारी रात्री मेस बंद असते का, फीस्टचे वेगळे पैसे आहेत का. शिबिरं आणि स्पर्धा यांत तुमचे खाडे खूप पडतील. तीन दिवसांचा खाडाही न धरणारी मेस दिसायला स्वस्त असते आणि तुम्हालाच महाग पडते.

प्रवासासाठी कॉलेजच्या ऑफिसातून बोनाफाइड दाखला घ्या, एकाच वेळी दोन-तीन प्रती. एसटीचा विद्यार्थी पास भाड्याच्या एक तृतीयांशात मिळतो. महिलांना एसटीत मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे. अधूनमधून गावी जाणाऱ्या मुलीला पासपेक्षा तेच परवडतं. सुट्टीत रेल्वेने घरी जाताना कॉलेजच्या सवलतपत्रावर दुसऱ्या वर्गाचं आणि स्लीपरचं भाडं निम्मं होतं, मात्र ते तिकीट खिडकीवरच काढावं लागतं.

अंकात शिरायचं कसं

बहुतेक कॉलेजांत रोजचं किंवा साप्ताहिक वृत्तपत्र नसतं. असतं ते वार्षिक नियतकालिक, विभागाचं भित्तिपत्रक, एखादं मासिक वार्तापत्र आणि इन्स्टाग्राम पान. वार्षिक अंकाचे पैसे तुम्ही भरलेलेच आहेत, पावतीत ‘नियतकालिक शुल्क’ अशी ओळ शोधा. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ संलग्न कॉलेजांच्या वार्षिक अंकांची स्पर्धा घेतं, त्यामुळे चांगल्या फोटोंची गरज संपादकांना खरोखरच असते. नियमित वृत्तपत्राचा सराव हवा असेल तर पत्रकारिता शिकवणाऱ्या संस्थांकडे बघा. पुण्यात फर्ग्युसन रस्त्यावरचं रानडे इन्स्टिट्यूट हा विद्यापीठाचाच विभाग आहे. आयआयटी मुंबईत गेलात तर ‘इनसाइट’ हे विद्यार्थ्यांचं स्वतःचं माध्यम आहे.

जायचं कधी? ऑगस्टमध्ये. अंक छापला जातो जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, पण त्यातले फोटो पावसाळ्यापासूनचे लागतात. डिसेंबरात उगवणाऱ्याला गॅदरिंगच्या गर्दीत उभं राहावं लागतं. भेटायचं कुणाला? संपादक प्राध्यापकांना. बहुतेक वेळा ते मराठी किंवा इंग्रजी विभागात असतात, नाव मागच्या अंकाच्या पहिल्या-दुसऱ्या पानावर छापलेलं असतं. ग्रंथालयात बसून आधीचे तीन अंक चाळा आणि त्यांत काय नाही ते लिहून काढा.

मी असे बरेच अंक पाहते. दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ, सत्कार, ओळीत उभे प्राध्यापक, यांनी पानं भरलेली असतात आणि ते फोटो काढायला दहा मोबाइल पुढे असतात. सकाळी साडेसहाला गेट उघडणारे शिपाईकाका, परीक्षेच्या आदल्या दिवशीची अभ्यासिका, झेरॉक्सच्या दुकानावरची रांग, एनएसएसच्या सात दिवसांच्या शिबिरात चूल पेटवणारी मुलं, मैदानावर चुन्याची रेघ मारणारा माणूस, हे कुणी काढत नाही. असे दहा-बारा फोटो घेऊन जा, मोबाइलवरच दाखवा. कोणता कॅमेरा आहे असा प्रश्न त्यानंतर फारसा येत नाही.

फोटोग्राफी क्लबची वर्गणी, टी-शर्ट, कार्यशाळा, ‘फोटोवॉक’ अशा नावांनी हजार-दोन हजार सहज जातात. कॉलेजची छापील पावती मिळत असेल तरच द्या. कुणा सीनियरच्या यूपीआयवर पैसे पाठवू नका. फ्रेशर्सचा खर्च नव्या मुलांवर टाकणं किंवा सीनियरने स्वतःच्या प्रोजेक्टचं काम तुमच्याकडून जबरदस्तीने करून घेणं, या दोन्ही गोष्टी अनुदान आयोगाच्या २००९च्या नियमांत रॅगिंग म्हणूनच मोडतात. हेल्पलाइन १८००-१८०-५५२२, चोवीस तास, निःशुल्क.

मोबाइलवर किती भागतं

ए-फोर आकाराच्या पानभर छपाईला २४८० गुणिले ३५०८ पिक्सेल पुरतात, म्हणजे साधारण ८७ लाख. १२ मेगापिक्सेलचा मोबाइल त्यापुढे आहे. अडचण फोटो पाठवताना होते. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा फोटो टाकला की त्याची लांब बाजू सुमारे १६०० पिक्सेलवर येते, आणि तो छपाईत १३-१४ सेंटिमीटरच्या पुढे फाटायला लागतो. फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या. डिजिटल झूम वापरू नका, पुढे चालत जा. पोर्ट्रेट मोडमध्ये कान आणि केस खोटे पुसले जातात, अंकासाठी तो बंद ठेवा. कागदावर फोटो पडद्यापेक्षा काळवंडतो, म्हणून देताना थोडा उजळ द्या.

फोटोसोबत ओळ हवीच. कोण, कुठे, कोणत्या तारखेला, काय करताना, आणि नावं डावीकडून उजवीकडे. नाव विचारून तिथल्या तिथे लिहा, शुद्धलेखन त्याच माणसाकडून तपासून घ्या. संपादकाच्या दृष्टीने नावाशिवायचा चांगला फोटो हा अर्धाच फोटो असतो.

मोबाइल हार मानतो तो अंधारात आणि लांबवर. ऑगस्ट-सप्टेंबरात भरत नाट्य मंदिरात पुरुषोत्तम करंडक होतो. १९६३ पासून चालत आलेल्या या स्पर्धेत तुमच्या कॉलेजची एकांकिका असेल तर तिथे फोन पुरणार नाही. मैदानावरचा कबड्डीचा चढाईपटूही नाही. अशा दोन-तीन प्रसंगांपुरता कॅमेरा भाड्याने घ्या.

भाड्याचा कॅमेरा

साधा डीएसएलआर किटलेन्ससकट दिवसाला ५०० ते १००० रुपये. मोठी बॉडी आणि ७०-२०० एफ २.८ लेन्स हवी असेल तर २००० ते ३५०० रुपये. ‘दिवस’ म्हणजे चोवीस तास की दुकान बंद होईपर्यंत, हे आधी विचारा. रात्री दहाला कार्यक्रम संपणार आणि दुकान नऊला बंद होणार, की दुसऱ्या दिवसाचं भाडं लागलंच. बॅटरी, चार्जर, कार्ड यांचे पैसे धरले आहेत का तेही विचारा.

दुकानदार ओळखपत्र मागतो. मूळ आधार किंवा मूळ कॉलेज ओळखपत्र ठेवून येऊ नका. क्रमांक झाकलेलं मास्क्ड आधार द्या, झेरॉक्सवर ‘कॅमेरा भाडे, अमुक तारीख’ असं आडवं लिहा. डिपॉझिट रोख न देता यूपीआयने द्या, म्हणजे नोंद राहते. घेताना काउंटरवरच मिनिटभराचा व्हिडिओ काढा: बॉडीचा अनुक्रमांक, लेन्सची पुढची आणि मागची काच, स्क्रीन, आधीचे ओरखडे. परत देताना पुन्हा तसाच. नुकसानभरपाईची सगळी भांडणं इथेच होतात आणि हा व्हिडिओ नसेल तर डिपॉझिट तुमचं राहत नाही.

नाट्यगृहात फ्लॅश नाही, फोकसचा लाल-हिरवा दिवा बंद, शटर शांत मोडवर. एफ १.८ ते २.८, शटर १/१२५ ते १/२५०, आयएसओ ३२००पर्यंत न्या. खेळाला शटर १/१००० ठेवा. तालमीच्या दिवशी परवानगी घेऊन फोटो काढता आले तर प्रयोगाच्या दिवशी भाडंच भरावं लागत नाही. दिग्दर्शकाला फोटो हवेच असतात.

दिवाळीनंतर: जुना घ्या, पण असा बघून

दोन-तीन कार्यक्रम भाड्याच्या कॅमेऱ्यावर झाले आणि हौस टिकली, तर आता घ्या. पहिल्या वर्षाला नवा नको. निकॉन डी३५००, डी५६००, कॅनन १५००डी, २००डी असे वापरलेले संच साधारण १८ ते ३५ हजारांत मिळतात. त्यावर ५० एमएम एफ १.८ ची जुनी लेन्स पाच-सात हजारांत. कॉलेजच्या सभागृहात याच लेन्सचा सर्वांत जास्त उपयोग होतो. निकॉनच्या या दोन बॉडींत फोकसची मोटर नसते, त्यामुळे त्यांना ‘एएफ-एस’ प्रकारची लेन्स लागते. स्वस्तातली जुनी ‘एएफ-डी’ बसते, पण फोकस हाताने करावा लागतो.

कुठे? मुंबईत फोर्टमधलं बोरा बाजार हे कॅमेऱ्यांचं जुनं ठिकाण. पुण्यात शहराच्या मध्यभागातली कॅमेऱ्याची दुकानं आणि दुरुस्तीवाले. दुरुस्तीवाल्याकडे आधी जा. कोणता माल सारखा उघडावा लागतो ते त्यालाच ठाऊक असतं. ओळखीच्या माणसाकडून किंवा ऑनलाइन जाहिरातीतून घेतला तर स्वस्त पडतो, पण खासगी माणसाविरुद्ध ग्राहक म्हणून दाद मागता येत नाही. दुकानातून बिलावर घेतला तर येते. हा फरक दोन-तीन हजारांचा असेल तर दुकान निवडा.

बघताना घाई करू नका, अर्धा तास लागतोच. स्वतःचं कार्ड आणि मोबाइलचा टॉर्च घेऊन जा. लेन्स काढा, छिद्र पूर्ण उघडं करा, मागच्या बाजूने टॉर्च मारा आणि पुढून तिरकं पाहा. धुळीचे दोन-चार कण चालतात. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक पांढरे धागे दिसले तर ती बुरशी आहे. लेन्स खाली ठेवा, भाव कितीही उतरला तरी. आपल्याकडच्या पावसात ती वाढतच जाते आणि साफ करून घेण्याचा खर्च त्या लेन्सच्या किमतीशी स्पर्धा करतो. मग पांढऱ्या भिंतीचा फोटो एफ १६ वर काढा. करडे ठिपके दिसले तर सेन्सरवर धूळ आहे, ती साफ होते, तेवढे पैसे भावातून कमी करून घ्या. झाकण लावून काही सेकंदांचा फोटो काढा, काळ्यात लाल-निळे टिंब दिसले तर सेन्सरचे ते पिक्सेल बिघडलेले आहेत. स्क्रूची डोकी घासलेली असतील तर कॅमेरा उघडला गेलाय. ‘कधीच रिपेअर नाही’ हे वाक्य तिथेच संपलं.

शटर किती वेळा पडलंय तेही पाहा. या वर्गातल्या कॅमेऱ्यांचं शटर साधारण एक लाखाच्या हिशेबाने धरतात. निकॉनच्या मूळ फोटो-फाइलमध्ये ही संख्या नोंदलेली असते आणि फुकट वाचता येते. कॅननच्या बहुतेक बॉडींत ती फाइलमध्ये नसते, सॉफ्टवेअर किंवा सर्व्हिस सेंटरमधून काढावी लागते. लग्नाचं काम केलेल्या कॅमेऱ्याचं बाहेरून पॉलिश बघून फसू नका.

मूळ बिल मागा आणि बिलावरचा अनुक्रमांक बॉडीच्या तळाशी असलेल्या क्रमांकाशी जुळवा. बिल नसेल तर विकणाऱ्याचं नाव, सही, तारीख, अनुक्रमांक आणि रक्कम लिहिलेली पावती घ्या. चोरीचा माल निघाला तर हाच कागद तुमचा आधार. ‘बिलाशिवाय घ्या, चार हजार कमी’ म्हणणाऱ्या दुकानात नवा कॅमेराही घेऊ नका. जीएसटी वाचतो पण भारतातली वॉरंटी जाते.

किमतीत न दिसणारे खर्च असे. दोन कार्डं, प्रत्येकी ६४ जीबी, व्ही३० खुणेची, बिलावर घेतलेली. नकली कार्डं सर्रास मिळतात, ‘एच२टेस्टडब्ल्यू’ या फुकट सॉफ्टवेअरने घरी आल्याबरोबर तपासा आणि नकली निघालं तर त्याच दिवशी परत करा. जादा बॅटरी हजार-दीड हजाराची. हवाबंद डबा, सिलिका जेल आणि छोटा आर्द्रतामापक मिळून हजाराच्या आसपास. डब्यात आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा, जेल महिन्याकाठी वाळवा. पुण्यात जून ते सप्टेंबर हे करायचंच, कोकणात आणि मुंबईत वर्षभर. कॅमेरा लेदरच्या बॅगेत किंवा कपाटात कपड्यांखाली ठेवू नका. फोटो साठवायला एक टीबीची हार्ड डिस्क पाच हजारांच्या आसपास. गुगलची फुकटची १५ जीबी जागा २५ एमबीच्या सहाशे रॉ फाइल्समध्ये भरते, म्हणजे एका गॅदरिंगमध्ये. कॉलेजच्या मेलवरची जागा पास झाल्यावर जाऊ शकते, तिथे एकमेव प्रत ठेवू नका.

‘नो कॉस्ट ईएमआय’ला खर्च असतो. प्रक्रिया शुल्क लागतं, व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो, आणि रोखीवर मिळणारी सूट बहुतेक वेळा हातची जाते. रोखीचा शेवटचा भाव आणि हप्त्यांची एकूण बेरीज, दोन्ही आकडे कागदावर लिहून घ्या आणि मगच कार्ड काढा. वाढीव वॉरंटीत पडणं आणि पाणी जाणं बहुधा धरलेलं नसतं, आणि विद्यार्थ्याच्या हातात नेमकं तेच होतं.

सॉफ्टवेअरवर पहिल्या वर्षी पैसे घालू नका. कॅननचं डिजिटल फोटो प्रोफेशनल आणि निकॉनचं एनएक्स स्टुडिओ त्या-त्या कॅमेऱ्यासोबत फुकट, डार्कटेबल आणि गिम्प सगळ्यांना फुकट. अडोबीची ‘वार्षिक, पण मासिक हप्त्याने’ अशी योजना घेतली आणि पहिले १४ दिवस उलटल्यावर रद्द केली, तर उरलेल्या महिन्यांच्या रकमेच्या निम्मे पैसे भरावे लागतात. एखाद्या सीनियरने दिलेली पायरेटेड प्रत लॅपटॉपवर चढवू नका, सोबत व्हायरस येतो आणि वर्षाचे फोटो जातात.

फोटो कुणाचा?

पगार किंवा मानधन न घेता तुम्ही काढलेला फोटो तुमचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात त्यासाठी नोंदणीची गरज नाही, ‘दोन हजारांत रजिस्ट्रेशन’ करून देणाऱ्यांना नाही म्हणा. पैसे घेऊन कुणाच्या सांगण्यावरून काढला आणि वेगळा करार नसेल, तर हक्क पैसे देणाऱ्याचा होतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तुमच्या सहीचा लेखी कागद लागतो. त्यात मुदत लिहिलेली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता धरतो. कॉलेजने फॉर्म पुढे केला तर ‘अंकात व कॉलेजच्या पानावर, नावासह वापरण्याची परवानगी’ एवढंच लिहून सही करा.

हे सांगण्याचं कारण फोटोस्पर्धा. प्रवेश फी दोनशे-तीनशे, बक्षीस एक, आणि अटींच्या तळाशी ‘आलेल्या सर्व छायाचित्रांचे हक्क आयोजकांचे’. हरलेल्यांचेही! असं वाक्य दिसलं की फी भरू नका. तुमचा फोटो कुणी नाव न देता वापरला तर मूळ फाइल हाच पुरावा, म्हणून ती कुणाला देऊ नका.

दुसऱ्यांच्या हक्काचंही पाहा. स्टेजवरचा कलाकार, मैदानावरचा खेळाडू, मिरवणुकीतली गर्दी चालते. वसतिगृहाची खोली, ग्रीनरूम, डेजच्या दिवशी लांबून झूम करून टिपलेली मुलगी, हे अजिबात चालत नाही. खासगी क्षणांचे चोरून काढलेले फोटो हा भारतीय न्याय संहितेत आणि माहिती तंत्रज्ञान कायद्यात गुन्हा आहे. कुणी ‘डिलीट कर’ म्हणाली तर वाद न घालता तिच्यासमोर डिलीट करा. शिबिरात गावातल्या लहान मुलांचे चेहरे अंकात द्यायचे तर पालकांना किंवा शिक्षकांना विचारा. लष्करी हद्दीत, आणि पुण्यात ती कॅम्प-खडकीत पावलापावलावर आहे, कॅमेरा बॅगेतच ठेवा. ड्रोन तर कॉलेजच्या आवारातही परवानगीशिवाय उडवू नका.

प्रेस कार्ड विकत मिळत नाही

‘हजार-पंधराशेत प्रेस कार्ड, गाडीवर स्टिकर’ अशी जाहिरात तुमच्यापर्यंत येईलच. पत्रकारांना अधिस्वीकृती पत्रिका राज्याचं माहिती व जनसंपर्क महासंचालनालय देतं, ती काम करणाऱ्या पत्रकारांना आणि ठरलेल्या निकषांवर. विकत घेतलेलं कार्ड नाक्यावर पोलिसांना दाखवलंत तर अडचणीत तुम्हीच येता. तुम्हाला लागतं ते कॉलेजच्या लेटरहेडवरचं साधं पत्र: नाव, वर्ग, ‘वार्षिक नियतकालिकासाठी छायाचित्रण करत आहे’, संपादकांची सही, प्राचार्यांचा शिक्का, वर्षाची मुदत. पैसे शून्य, वेळ दोन-तीन दिवस. आंतरमहाविद्यालयीन स्पर्धांत, दुसऱ्या कॉलेजच्या गेटवर आणि रात्री परतताना हेच दाखवायचं. मुंबईत सेंट झेवियर्सच्या ‘मल्हार’ला किंवा आयआयटीच्या ‘मूड इंडिगो’ला जायचं असेल तर कॉलेजच्या अधिकृत चमूतून नाव नोंदवा, ऐनवेळी पासचा काळाबाजार करणाऱ्यांच्या नादी लागू नका.

कॅमेरा हरवला किंवा चोरीला गेला तर जवळच्या कोणत्याही पोलीस ठाण्यात तक्रार देता येते, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. चोरीच्या एफआयआरची प्रत फुकट मिळते. अनुक्रमांक लिहून ठेवलेला असेल तर शोधाला अर्थ राहतो. दुकानदाराने सदोष माल परत घेतला नाही तर आधी लेखी मेल, मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, मग जिल्हा ग्राहक आयोग. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला आयोगात शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षं.

हजेरीचं काय

कॅमेरा गळ्यात असला की तास बुडतात, आणि मार्चमध्ये ७५ टक्के हजेरीची यादी लागते. प्रत्येक कार्यक्रमाच्या दिवशीच, नंतर नाही, संपादकांकडून दोन ओळींचं पत्र घ्या: तारीख, तासिका, कामाचं स्वरूप. एक प्रत वर्गशिक्षकांना, एक तुमच्या फाइलला. नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत सहअभ्यासक्रमाचे क्रेडिट असतात आणि काही कॉलेजांत दृश्यकलेचं कामही त्यात धरतात. तुमच्याकडे धरतात का, आणि धरत असतील तर नोंदणी कधी करायची, हे सत्र सुरू झाल्यावर पहिल्या पंधरवड्यात परीक्षा विभागात विचारा. मुदत गेली की तेच काम करूनही क्रेडिट मिळत नाही.